पोस्ट टाकत टाकत डी अँड डी: पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, हा एकेकाने एकेक पात्र घेऊन, फासे टाकत, मिळून गोष्ट रचायचा खेळ. तो खेळायची इच्छा असलेले लोक आपल्याकडे भरपूर आहेत, अडतं ते माणसं जमवण्यात. चार-पाच जण, एकाच वेळी, तीन-चार तास मोकळे, आणि त्यातल्या एकाला तरी गेम चालवता यायला हवा. पुण्या-मुंबईत एखादा ग्रुप सापडतो, पण तुम्ही लातूरला किंवा चिपळूणला असाल, शिफ्टची नोकरी असेल, घरात तान्हं बाळ असेल, तर दर शनिवारची संध्याकाळ काढणं जवळजवळ अशक्यच. ऑनलाइन लाइव्ह खेळायचं म्हटलं तर बरेचसे ग्रुप अमेरिकेतले आणि न्यूयॉर्कमधल्या उन्हाळ्यातल्या रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. अशा सगळ्यांसाठी प्ले बाय पोस्ट, म्हणजे पीबीपी, हा प्रकार आहे आणि तो लाइव्ह खेळाची तडजोड वगैरे अजिबात नाहीये, त्याची स्वतःची अशी मजा आहे जी टेबलावर, म्हणजे समोरासमोर बसून खेळताना, मिळतच नाही.

प्रकार सोपा आहे. गेम चालवणारा डंजन मास्टर, म्हणजे डीएम, एका थ्रेडमध्ये, म्हणजे साइटवरच्या एका सलग चर्चेत, प्रसंग लिहितो. तुम्ही तुमचं कॅरेक्टर, म्हणजे पात्र, काय करतं, काय बोलतं ते लिहिता. बाकीचे आपापल्या वेळेला येऊन आपापलं लिहितात, कोणी सकाळी लोकलमध्ये, कोणी रात्री जेवणं आटोपल्यावर. मग डीएम सगळ्यांचं वाचून पुढे काय झालं ते सांगतो. फासे टाकायची सोय साइटवरच असते आणि प्रत्येक रोलची नोंद राहते, त्यामुळे कोणी घरी बसून २० पडले म्हणून सांगेल अशी भीती नाही. साधारण वेग म्हणजे दिवसाला एक पोस्ट, काही ठिकाणी आठवड्याला तीन.

डी अँड डी १९७४ साली आला, पण घरबसल्या, लांबच्या माणसांबरोबर, सावकाश खेळायची पद्धत त्याच्याही आधीची आहे. पोस्टाने बुद्धिबळ तर कितीतरी जुनं, आणि डिप्लोमसी नावाचा बोर्डगेम १९६३ पासून लोक पत्रांतून खेळायचे. तेव्हा एका खेळीला आठवडे जायचे, आपल्याला एक दिवस थांबायचंय.

सुरुवातीला नियम किती यायला हवेत? थोडेच. डी अँड डीच्या पाचव्या एडिशनचे मूळ नियम ऑनलाइन कायदेशीरपणे फुकट मिळतात, २०२३ मध्ये हा खेळ काढणाऱ्या कंपनीने एसआरडी ५.१ नावाचा नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुला केला, त्यामुळे पहिल्या गेमसाठी पुस्तक विकत घ्यायची गरज नाही. फक्त एक गोष्ट आधीच विचारून घ्या, गेम २०१४ च्या नियमांनी चालणारे की २०२४ च्या सुधारित नियमांनी, कारण दोन्हीत कॅरेक्टर बनवताना फरक पडतो आणि कॅरेक्टरची माहिती लिहायचं सगळं शीट भरून झाल्यावर हे कळलं की परत बसावं लागतं. वाचायचं म्हणजे कॅरेक्टर बनवायचा भाग आणि लढाईचा भाग, बस. मूळ हिशोब एकच आहे, वीस बाजूंचा फासा टाका, त्यात तुमचा बोनस मिळवा, डीएमने ठरवलेल्या आकड्याएवढं किंवा जास्त आलं की जमलं. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०. पीबीपीत नियम कच्चे असले तरी चालतं कारण तुमच्या टर्नला कोणी तोंडाकडे बघत बसलेलं नसतं, स्पेल, म्हणजे मंत्र, काय करतो ते उघडून दोनदा वाचा, चहा करून या, मग लिहा. नवीन माणसासाठी याहून बरी जागा नाही असं माझं ठाम मत आहे.

गेम शोधायचा कुठे? आरपीओएल, मिथ-वीव्हर्स, आरपीजी क्रॉसिंग या साइट खास यासाठीच आहेत, रेडिटवर आर/पीबीपी नावाचा ग्रुप आहे जिथे डीएम लोक खेळाडू हवेत म्हणून जाहिराती टाकतात, आणि त्यातले बरेच गेम डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर चालतात. डिस्कॉर्डवर फास्यांसाठी अव्रे नावाचा बॉट, म्हणजे आपोआप काम करणारा प्रोग्रॅम, वापरतात आणि कॅरेक्टरच्या नावाने, कॅरेक्टरच्या फोटोसकट बोलायला टपरबॉक्स. हे बॉट शिकायला अर्धा तास पुरतो. मला विचाराल तर पहिला गेम खास पीबीपीसाठी बनवलेल्या साइटवर खेळा, डिस्कॉर्डवर चॅटचा वेग येतो, अमेरिकेतले तिघं त्यांच्या संध्याकाळी ऐंशी मेसेज मारतात आणि तुम्ही सकाळी उठेपर्यंत राक्षस मेलेला असतो.

जाहिरात पूर्ण वाचा, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. किती पोस्ट हव्यात, वय १८ च्या वर हवं का, कुठल्या प्रकारचा मजकूर चालेल, कॅरेक्टर कुठल्या लेव्हलचं, म्हणजे किती तयारीचं, सगळं त्यात असतं आणि न वाचता अर्ज करणारे तिथेच गळतात. एआयकडून लिहून घेतलेल्या पोस्ट बऱ्याच गेममध्ये चालत नाहीत, तेही तिथेच लिहिलेलं असतं. डीएमचे आधीचे गेम बघता आले तर जरूर बघा, त्याने एखादा तरी गेम शेवटपर्यंत नेलाय का, का चार सुरू करून चारही पहिल्याच खानावळीत, म्हणजे गोष्टीच्या सुरुवातीलाच, सोडलेत. आणि पहिल्या वेळी छोटं अ‍ॅडव्हेंचर निवडा. 'लेव्हल १ ते २० चं भव्य कॅम्पेन' असं वाचून हुरळून जायला होतं पण टेबलावर एका संध्याकाळी होणारी गोष्ट पीबीपीत दोन-तीन महिने चालते, मग वीस लेव्हलचा हिशोब तुम्हीच करा. तीन-चार प्रसंगांचं, ठरलेला शेवट असलेलं काहीतरी घ्या.

एका जागेसाठी बऱ्याचदा दहा-पंधरा अर्ज येतात, त्यामुळे एकदा नकार आला तर मनाला लावून घेऊ नका, पुढचा अर्ज करा. अर्जात दोन पानी पूर्वकथा कोणी मागितलेली नसेल तर देऊ नका. कॅरेक्टरला काय हवंय, त्याला कशाची भीती वाटते, आणि तो बाकीच्यांबरोबर का जाईल, एवढ्या तीन गोष्टी आठ-दहा ओळीत सांगा. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची. कोपऱ्यात एकटा बसणारा, कोणाशी न बोलणारा, कोणावर विश्वास नसलेला हिरो टेबलावर एक वेळ चालतो कारण बाकीचे त्याला ओढून नेतात, पोस्टमध्ये त्याला ओढायला चार दिवस लागतात आणि तोपर्यंत सगळे कंटाळलेले असतात. बोलका, चौकस, लगेच हो म्हणणारा माणूस बनवा. आकडे ठरवायला १५, १४, १३, १२, १०, ८ हे सहा तयार आकडे कॅरेक्टरच्या ताकद, चपळाई वगैरे सहा गुणांना वाटून टाकले की काम झालं. क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा पेशा, फायटर (लढवय्या) किंवा रोग (rogue, चोरटा) घेतलात तर नियमांचं ओझं कमी, विझार्ड (जादूगार) दुसऱ्या गेमला घ्या.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका, हे मुद्दाम सांगतो. बाहेरचे गेम इंग्रजीतच चालतात पण तिथे जगभरातले लोक असतात आणि कितीतरी जणांची मातृभाषा वेगळीच असते. साधी वाक्यं लिहा. वाचणारे तुमच्या शब्दसंपत्तीसाठी येत नाहीत, पुढे काय झालं ते बघायला येतात.

आता मुख्य गोष्ट, पोस्ट लिहायची कशी. पीबीपीतली चांगली पोस्ट म्हणजे जिच्यानंतर पुढच्या माणसाला लिहायला काहीतरी मिळतं. बाकी भाषा, वर्णन, विनोद, सगळं नंतर. अंताक्षरीत आपण पुढच्याला अक्षर देतो तसं, आणि सारखं 'ळ' देणाऱ्याबरोबर कोणाला खेळावंसं वाटेल? समजा डीएमने असं लिहिलंय:

"पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये. धर्मशाळेचं दार आतून बंद आहे, फटीतून दिव्याचा उजेड येतोय आणि आत कोणीतरी दोघं दबक्या आवाजात भांडताहेत. काय करता?"

यावर नवीन खेळाडू लिहितो, "मी दाराशी जाऊन ऐकते." झालं. डीएम दुसऱ्या दिवशी म्हणणार स्टेल्थचा, म्हणजे आवाज न करता सरकण्याचा, रोल द्या. तिसऱ्या दिवशी रोल येणार. चौथ्या दिवशी डीएम विचारणार, ऐकून झाल्यावर तिथेच थांबणार का परत येणार? म्हणजे दाराला कान लावायला जवळजवळ आठवडा गेला आणि बाकीचे तिघं नुसते बघत राहिले. तेच असं लिहिलं तर:

"यमुनाने कंदील वळचणीला आडोशाला ठेवला, वहाणा काढून हातात घेतल्या आणि भिंतीला चिकटत दारापर्यंत सरकली. फटीला कान लावायच्या आधी तिने मागे वळून रघूकडे बघितलं आणि बोटाने खूण केली, मागच्या अंगाला खिडकी आहे का बघ.

स्टेल्थ: १२ + ५ = १७. पर्सेप्शन: ९ + ३ = १२.

ऐकू आलं तर भांडण कशावरून आहे एवढं कळेपर्यंत थांबेन आणि मागे येईन. कोणी दाराकडे यायला लागलं तर लगेच पाण्याच्या पिंपाआड."

या पोस्टमध्ये काय काय झालं बघा. रोल आधीच टाकून दिलेत (पर्सेप्शन म्हणजे ऐकू-दिसू येण्याचा), कारण कुठला रोल लागणार ते उघड होतं. 'असं झालं तर हे, तसं झालं तर ते' सांगून ठेवलंय, त्यामुळे डीएमला परत विचारायला यावं लागत नाही, तो थेट गोष्ट पुढे नेतो. रघू खेळणाऱ्याला काम मिळालं. वहाणा हातात घेतल्यामुळे ती काळजीपूर्वक वागणारी बाई आहे हे कळलं, वेगळं सांगावं लागलं नाही. आणि तिने काय केलं नाही तेही तितकंच महत्त्वाचं, आत काय ऐकू आलं ते तिने स्वतः ठरवलं नाही, ते डीएमचं काम, आणि 'रघू लगेच मागे पळाला' असंही लिहिलं नाही, कारण रघू दुसऱ्याचा आहे. दुसऱ्याच्या कॅरेक्टरला परस्पर हलवणं, बोलायला लावणं, याला गॉडमॉडिंग म्हणतात आणि यावरून चांगले चांगले ग्रुप फुटतात. खूण केली एवढंच लिहायचं, ती पाळायची का नाही ते त्याचं तो बघेल.

लांबी म्हणाल तर दोन छोटे परिच्छेद पुरेत. बाकीच्यांच्या पोस्टएवढी ठेवा, सगळे पाच ओळी लिहित असतील तर तुमच्या पन्नास ओळींचं दडपण येतं लोकांवर. इंग्रजी गेममध्ये बहुतेक वेळा तृतीय पुरुषात लिहितात, भूतकाळ का वर्तमानकाळ ते डीएमची पहिली पोस्ट बघून ठरवा. गेमच्या आतलं बोलणं म्हणजे आयसी आणि खेळाडू म्हणून आपलं बोलणं म्हणजे ओओसी, यांचे थ्रेड वेगळे असतात, ते मिसळू नका. आणि आधीच्या माणसाने जे लिहिलंय त्याला पोस्टमध्ये कुठेतरी दाद द्या, निदान तुमच्या कॅरेक्टरने त्याच्याकडे बघावं, हसावं, त्याचं म्हणणं खोडून काढावं. चार जण चार वेगळ्या गोष्टी लिहित बसले की वाचायला इतकं कोरडं होतं ते.

एक सुख टेबलावर कधीच मिळत नाही ते म्हणजे मनातलं लिहिता येणं. यमुना बाहेरून शांत आहे पण आतला एक आवाज तिला ओळखीचा वाटतोय, हे वाचणाऱ्या सगळ्यांना कळतं, पार्टीतल्या, म्हणजे सोबतच्या टोळीतल्या, कॅरेक्टर्सना कळत नाही. अर्थात हे कळलंय म्हणून तुमच्या कॅरेक्टरने त्यावर वागायचं नाही, त्याला मेटागेमिंग म्हणतात आणि ते करू नये. काही साइटवर तर फक्त एकाच खेळाडूला दिसेल अशी ओळ लिहायची सोय आहे, डीएम तुम्हाला एकट्याला काहीतरी दाखवतो आणि ते बाकीच्यांना सांगायचं का लपवायचं ते तुमच्यावर. सहा महिने एखादं गुपित जपून मग ते पार्टीसमोर उघडं करायचं, त्या दिवशीच्या पोस्ट लोक परत परत जाऊन वाचतात.

लढाई हा पीबीपीचा सगळ्यात अवघड भाग. टेबलावर इनिशिएटिव्हच्या, म्हणजे फासे टाकून ठरलेल्या, क्रमाने एकेक जण खेळतो. तेच इथे जसंच्या तसं केलं तर चार खेळाडू आणि डीएम, प्रत्येकाने एकेक दिवस घेतला तर एका राउंडला, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी व्हायला, पाच दिवस, आणि चार राउंडची साधी मारामारी वीस दिवस. म्हणून बहुतेक ठिकाणी ब्लॉक इनिशिएटिव्ह वापरतात, म्हणजे सगळे खेळाडू एका गटात, ज्याला जसा वेळ होईल तसं त्याने पोस्ट करायचं, सगळ्यांचं झालं की डीएम शत्रूंचं लिहितो, असा राउंड दोन दिवसांत उरकतो. अर्ज करताना डीएम लढाई कशी चालवतो हे विचारायला लाजू नका, चांगल्या डीएमला असा प्रश्न आवडतो. तुमच्याकडून एवढंच, अटॅकचा रोल आणि डॅमेजचा, म्हणजे किती इजा झाली त्याचा, रोल एकदमच टाका, कोणावर ते स्पष्ट लिहा, आणि तो आधीच मेला असेल तर दुसरा कोण तेही सांगून ठेवा.

नियमितपणा हाच पीबीपीचा जीव आहे, कारण हे गेम मरतात ते भांडणाने कमी आणि शांततेने जास्त. एक जण चार दिवस गायब, त्याची वाट बघत दुसरा थांबतो, मग डीएमचा उत्साह जातो, मग थ्रेडवर धूळ. तुमचा एक ठरावीक वेळ ठेवा, रोज रात्री झोपायच्या आधी किंवा सकाळी बसमध्ये, आणि लिहायला काही सुचत नसेल तरी दोन ओळी टाका, 'यमुना मान डोलावते आणि रघूच्या मागे निघते' एवढंही चालतं, त्याने चाक फिरत राहतं. गणपतीत गावी जाणार, परीक्षा आहे, ऑडिट आहे, तर आधी सांगा, म्हणजे तुमचं कॅरेक्टर तेवढे दिवस डीएम सांभाळेल. गेम सोडायचा असेल तर सांगून सोडा, न सांगता गायब होणं फार वाईट, समोर माणसं असतात, त्यांनी तुमच्या कॅरेक्टरवर जीव लावलेला असतो. आणि पाच-सहा दिवस सगळंच ठप्प असेल तर ओओसीमध्ये सरळ विचारा, "कोणाच्या पोस्टसाठी थांबलोय?" पुष्कळदा दोघंही एकमेकांची वाट बघत असतात.

सुरक्षिततेचं थोडक्यात. खरं नाव, फोन नंबर, कॉलेज, ऑफिस काही देऊ नका, खेळायचं टोपणनाव वेगळं ठेवा. सुरुवातीला डीएम कुठले विषय नकोत ते विचारतो, तिथे मोकळेपणाने सांगा, कारण द्यायची गरज नाही. डिस्कॉर्ड वापरायला वय किमान १३ लागतं, घरातली मुलं खेळणार असतील तर गेम तुम्हीच त्यांच्यासाठी चालवा, ते सगळ्यात उत्तम.

आणि आता मला जे मनापासून हवंय ते, मराठीत खेळा. एक-दोन गेम बाहेर खेळून अंदाज आला की आपल्या तीन मैत्रिणी, न्यू जर्सीतला मावसभाऊ, बंगळुरूतला जुना रूममेट असे चार जण गोळा करा, पीबीपीत वेळेचा फरक आडवा येतच नाही, तुमची रात्रीची पोस्ट त्याला सकाळी मिळते. व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू करू नका, तिथे गोष्ट, गप्पा, गुड मॉर्निंग आणि फासे सगळं एकाच ओढ्यात वाहून जातं आणि मागचं शोधता येत नाही. डिस्कॉर्डवर फुकट सर्व्हर, म्हणजे आपल्यापुरती जागा, काढा, त्यात गोष्टीसाठी एक चॅनेल, गप्पांसाठी एक, फासे आणि शीटसाठी एक. स्पेल, स्टेल्थ, इनिशिएटिव्ह हे शब्द तसेच राहू द्या, त्यांचे मराठी प्रतिशब्द बनवण्यात पहिला महिना घालवू नका, मराठी गोष्टीत आणि संवादात आणा.

कारण संवादात मराठी जे करते ते बघण्यासारखं आहे. अनोळखी माणसाला यमुना 'तुम्ही' म्हणते, भांडण पेटलं की 'तू' वर येते, आणि ही एवढी एकच गोष्ट पुढच्याला कळवते की आता तलवार निघणार. बुटका लोहार वऱ्हाडीत बोलतो, खलाशी मालवणीत, म्हातारी चेटकीण कोणालाही 'आपण' म्हणत नाही, अगदी राजालाही. ज्याला जी बोली घरातून येते ती त्याने कॅरेक्टरला द्यावी, न येणारी ओढूनताणून लिहू नये, लगेच खोटी वाटते.

गेम तुम्हीच चालवणार असाल तर पहिल्या पोस्टमध्ये जगाचा इतिहास लिहू नका. एक जागा, एक अडचण, आणि प्रत्येक कॅरेक्टरला नावाने एकेक गोष्ट द्या, रघूला चिखलात चाकाची ताजी खूण दिसते, यमुनाला आतला आवाज ओळखीचा वाटतो, लोहाराला दाराची कडी बघताच कळतं की ती कालच बसवलीये. चौघांनाही लगेच लिहायला मिळतं. शेवटी "काय करता?" विचारा, उत्तरांसाठी ४८ तास द्या, आणि त्यानंतर कोणी आलं नसेल तरी जे आलेत त्यांना घेऊन पुढची पोस्ट टाका.